पिशवी काढली, हाडांचे काय?

आपल्या वस्तीत पंचावन्न-साठीची बाई कमरेत वाकून चालताना दिसली, तर कुणी थांबून विचारत नाही. वय झाले, निंदण-वेचणीत जन्म गेला, वाकणारच, असे म्हणून आपण पुढे जातो. न्हाणीत पाय घसरून मनगट मोडले तर दोष ओल्या फरशीला. पण उभ्या उभ्या पडून मनगट किंवा खुबा मोडला, तर आधी हाडे ठिसूळ झाल्याची शंका घ्यायला हवी. डॉक्टर या आजाराला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. माझे स्पष्ट मत असे, की आपल्या बायकांचा हा आजार साठीत सुरू होत नाही. तो ताटात आणि ऑपरेशनच्या टेबलावर फार आधी ठरून जातो.

टेबलाचे आधी बोलू, कारण त्यावर कुणी बोलत नाही. "पिशवी काढली" हे वाक्य आपल्याकडे दाढ काढल्यासारखे बोलले जाते. अंगावर पांढरे जाते, पाळी जास्त येते, मजुरी बुडते. डॉक्टर म्हणतो काढून टाका, पुढे कॅन्सर होईल. दोन लेकरे झाली, आता पिशवीचे काय काम, असे घरातलेही म्हणतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे जवळपास दर सहा जणींत एक. पुढे विनाकारण होणाऱ्या या शस्त्रक्रियांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे लागू करायला सांगितले. बीडची चर्चा पाळी, मजुरी आणि मुकादम यांच्याभोवती फिरली. ते बरोबरच होते. पण त्या बायकांच्या हाडांचे पुढे काय होणार, हे फार थोड्यांनी विचारले.

हाड म्हणजे दगड नव्हे. त्यात सतत दोन कामे चाललेली असतात: जुने तोडणारे मजूर आणि नवे बांधणारे मजूर. तोडणाऱ्यांना आवरून धरण्याचे काम बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन नावाचे हार्मोन करते आणि ते मुख्यतः अंडाशयात तयार होते. पाळी थांबली की ते घटते आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाडे सर्वांत वेगाने झिजतात. ही झीज पन्नाशीच्या आसपास सुरू होणे निसर्गाचे आहे. पण पस्तिसाव्या वर्षी पिशवीसोबत दोन्ही अंडाशये काढली, तर ती एका दिवसात सुरू होते. त्या बाईची हाडे इतरांपेक्षा दहा-बारा वर्षे आधी झिजू लागली. पिशवी काढून अंडाशये ठेवली तर तसे एकदम होत नाही, मात्र ती थोडी लवकर थकू शकतात. हा फरक आपल्या किती बायकांना सांगितला जातो?

कधी कधी पिशवी काढावीच लागते. कॅन्सर असेल, गाठी मोठ्या असतील, रक्तस्राव औषधाने थांबत नसेल, तर घाबरून टाळू नये. माझा आग्रह दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा आहे. सेवाग्राम आणि सावंगी ही दोन्ही मोठी रुग्णालये आपल्याच जिल्ह्यात आहेत. केळझरहून वर्ध्याची एसटी धरली की एक दिवस जातो, एका दिवसाची मजुरी जाते. पण तपासून घ्यायला तेवढे मोजलेच पाहिजेत. ज्या बाईची अंडाशये पंचेचाळिशीच्या आत काढली आहेत, तिने हार्मोनच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. या गोळ्यांची भीती पसरली ती अमेरिकेत २००२ मध्ये थांबवलेल्या एका मोठ्या प्रयोगामुळे. त्यात खुबा मोडण्याचे प्रमाण कमी झाले, पण स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या. मात्र त्यातल्या बायका पन्नास ते एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. पस्तिशीत अंडाशये गेलेल्या बाईचा हिशेब वेगळा असतो आणि तो डॉक्टरांनी तिला तपासून करायचा असतो.

आता ताट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत वीणा शत्रुघ्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब घरांतल्या तीस ते साठ वयाच्या २८९ बायकांची हाडे तपासली. तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. खुब्याजवळच्या हाडात २९ टक्के जणींना ऑस्टिओपोरोसिस होता आणि आणखी ५२ टक्के त्याच्या उंबरठ्यावर होत्या. त्यांच्या रोजच्या जेवणातून मिळणारे कॅल्शियम होते साधारण २७० मिलिग्रॅम. आयसीएमआरने २०२० मध्ये ठरवलेली गरज आहे दिवसाला १,००० आणि पाळी गेलेल्या बाईला १,२००. भात, पोळी, तुरीचे पातळ वरण या ताटातून तेवढे येणे शक्य नाही. शिवाय घरात बाई शेवटी जेवते. दुधाचा चहा पाहुण्याला, मटणाचा चांगला तुकडा कमावत्याला आणि तिच्या वाटीला रस्सा. ही वाटणी कोणत्याही संशोधनाशिवाय आपल्याला माहीत आहे.

शहरातले लोक सांगतात नाचणी खा, बदाम खा. नाचणी चांगलीच, पण आपल्याकडे ती पिकत नाही. आपल्याकडे तीळ आहे. एक मोठा चमचा तीळ भाजून, कुटून चटणीत घातला तर साधारण सव्वाशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते, जवळपास अर्ध्या पेल्याहून जास्त दुधाइतके. जवसाची चटणी रोज असावी. शेवग्याच्या शेंगा आपण खातो आणि पाला बकरीला टाकतो; त्या शंभर ग्रॅम पाल्यात ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते. काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी तर याबाबतीत सगळ्यांच्या पुढे. ताक पातळ का होईना, घ्यावे. जाता जाता एक सांगतो: पायाच्या रश्शाने हाडे भरतात हा समज आहे. हाडातले कॅल्शियम पाण्यात फारसे उतरत नाही. रस्सा चवीने खावा, औषध म्हणून नाही.

नुसत्या कॅल्शियमवर भागत नाही, प्रथिनेही लागतात. आणि हाडांची पुंजी पंचविशी-तिशीपर्यंतच जमते, म्हणून खरा प्रश्न आपल्या मुलींचा आहे. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला. लोकवर्गणीतून द्या म्हणे! ज्या वस्तीला घरी अंडे परवडत नाही, तिने शाळेसाठी वर्गणी गोळा करायची. यावर गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या पालकांनी बोलले पाहिजे. बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत लग्नाची घाई करू नका, मुले जास्त होऊ देऊ नका, असे बायकांना सांगितले होते. सतराव्या वर्षी बाळंत होणाऱ्या मुलीची स्वतःची हाडे अजून भरायची असतात.

बाळंतपणात सरकारी दवाखान्यातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मोफत मिळतात. पुष्कळ जणी दोन्ही एकदम घेतात. तसे घेऊ नका, एकमेकींचा परिणाम कमी होतो. दोघींत काही तासांचे अंतर ठेवा. आणि खर्रा. त्याने तोंडाचे काय होते ते ठाऊक आहेच, पण त्याने भूकही मरते. वेचणीवर दुपारची भाकर तशीच परत आणणाऱ्या बाईच्या हाडांना काय मिळणार?

एक धोका मात्र ताटाबाहेरचा आहे. गुडघेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि "एका सुईत आराम" देणारी इंजेक्शने. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. चार दिवस बरे वाटते, चेहरा भरल्यासारखा दिसतो, लोक म्हणतात तब्येत सुधारली. महिनोन्महिने घेतले तर तेच स्टिरॉइड हाडे पोखरते. मात्र कुणी बरेच दिवस अशा पुड्या घेत असेल, तर एकदम बंदही करू नये. त्याने जीव धोक्यात येऊ शकतो. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

ज्यांची पिशवी आधीच काढलेली आहे, त्यांनी ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड पेटीतून शोधून काढावे. अंडाशये काढली की ठेवली, हे त्यावर लिहिलेले असते. इंग्रजीत असेल तर घरातल्या शिकत्या मुलीकडून वाचून घ्या, किंवा आशाताईंना दाखवा. कार्ड हरवले असेल तर त्या दवाखान्यातून नक्कल मागा. पुढच्या वेळी कंबर दुखते म्हणून सेवाग्रामला जाल, तेव्हा केसपेपरसोबत तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा आणि कितव्या वर्षी ऑपरेशन झाले ते न विचारताच सांगा.