फॉर्म बी दाखवा! धुराचा प्रश्न हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे

भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. दहा बाळे गेली. तीन बाळे भाजून आणि सात धुराने गुदमरून गेली, असे तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. हा सातचा आकडा प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा. आगीच्या बातमीत फोटो ज्वाळांचे छापतात, पण बहुतेक माणसे मरतात धुराने.

त्याआधी १७ डिसेंबर २०१८ रोजी अंधेरीच्या मरोळमधील राज्य कामगार विमा महामंडळाच्या रुग्णालयात आग लागली. किमान आठ जणांचा जीव गेला आणि शंभराहून अधिक जखमी झाले. तिथेही धूर मजल्यामागून मजले चढत गेला आणि माणसे खिडक्यांच्या काचा फोडून श्वासासाठी बाहेर डोकावत होती. हे रुग्णालय कुणाचे? कामगाराच्या पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या वर्गणीचे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्याच पायावर १९४८ चा कायदा उभा राहिला. आजारी कामगाराला भीक नको, हक्काचा उपचार मिळावा, हा त्यामागचा विचार. त्या हक्काच्या छताखाली कामगार गुदमरून मरत असेल, तर हा विषय केवळ अग्निशमन दलाचा कसा राहील?

काही मित्र म्हणतात, आग जात विचारत नाही, मग यात आंबेडकरी चळवळीचे काय? उत्तर सरळ आहे. धूर जात विचारत नाही हे खरे. पण धूर भरतो तेव्हा त्या इमारतीत कोण असते, हे या व्यवस्थेने आधीच ठरवलेले असते. खासगी रुग्णालयाचे बिल ज्याला परवडत नाही तो सरकारी वॉर्डात असतो. रात्रपाळीला कंत्राटी सुरक्षारक्षक, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार असतात. तळघरातल्या लॉन्ड्रीत, पंपरूममध्ये, कचरा साठवण्याच्या खोलीत कोण काम करते, हे पिंपरी-चिंचवडमध्ये वेगळे सांगायला नको. मराठवाड्यातून, विदर्भातून पोटासाठी आलेली आपलीच माणसे.

यंत्रणा नेमकी काय करते?

हा विषय इंजिनिअरचा म्हणून सोडून देऊ नका. तो समजायला फार अवघड नाही. मोठ्या इमारतीत धुरासाठी दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, साचलेला धूर मोठ्या पंख्यांनी बाहेर काढणे. दोन, सुटकेच्या जिन्यात धूर शिरू न देणे. त्यासाठी जिन्यात पंख्याने हवा भरून तिथला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात. म्हणजे दार उघडले की हवा जिन्यातून बाहेर येते, धूर आत जात नाही. हा जास्तीचा दाब साधारण ५० पास्कल, म्हणजे पाण्याच्या अवघ्या पाच मिलिमीटर उंचीएवढा. तो कमी पडला तर धूर जिन्यात घुसतो. तो फार वाढला तर दार इतके जड होते की म्हाताऱ्या माणसाला किंवा गरोदर बाईला ते ढकलताच येत नाही. म्हणून दाब मोजावा लागतो. पंखा नुसता फिरतो आहे, हे पाहून भागत नाही.

शिवाय हे सगळे साखळीसारखे चालते. धूर ओळखणाऱ्या यंत्राने इशारा दिला पाहिजे. मग एसीने हवा फिरवणे थांबवले पाहिजे, नाहीतर तोच एसी एका खोलीतला धूर दुसऱ्या खोलीत पोहोचवतो. डक्टमधल्या झडपा, ज्यांना डॅम्पर म्हणतात, त्या बंद झाल्या पाहिजेत. धूर ओढणारे पंखे सुरू झाले पाहिजेत आणि ताजी हवा आत यायला वाट मोकळी हवी. आगीत वीज जातेच, तेव्हा हे सगळे जनरेटरवरही चालले पाहिजे. साखळीतली एक कडी तुटली की बाकीच्या कड्या असून नसल्यासारख्या.

आणि कड्या तुटतात त्या अगदी साध्या कारणांनी. डॅम्पर गंजून अडकतो. पंख्याचा पट्टा सैल होतो. मोटर दुरुस्तीनंतर थ्री-फेजच्या दोन वायरी उलटसुलट जोडल्या जातात आणि पंखा उलटा फिरू लागतो. मग धूर ओढायचा पंखा हवा आत ढकलतो. आगीचे दार ये-जा सोपी व्हावी म्हणून विटेने उघडे धरून ठेवतात. धुराच्या शाफ्टमध्ये जुन्या गाद्या आणि खोकी रचतात. यातले काहीही कार्यालयात बसून फाइलमध्ये दिसत नाही.

ज्याला माहीत आहे त्याला कुणी विचारत नाही

खरा मुद्दा इथे आहे. डॅम्पर अडकला आहे हे कुणाला माहीत असते? फॉल्स सीलिंगमध्ये शिरून डक्ट पुसणाऱ्या कामगाराला. दाराला वीट लावली आहे हे कुणाला माहीत असते? रात्री फेरी मारणाऱ्या सुरक्षारक्षकाला. पंखा उलटा फिरतो हे कंत्राटी वायरमनला आवाजावरून कळते. पण प्रमाणपत्रावर सही करताना या तिघांपैकी कुणालाही बोलावत नाहीत. हात काळे करणारा वेगळा आणि सही करणारा वेगळा. जातिव्यवस्थेने कामाची वाटणी करता करता कामगारांचीच उतरंड लावली, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. त्या उतरंडीत खालच्या माणसाचे ज्ञान हे ज्ञान मानले जात नाही. ‘सफाईवाल्याला यातले काय कळते?’ हे वाक्य ज्या इमारतीत ऐकू येते, ती इमारत सुरक्षित नाही. मग तिच्याकडे कितीही प्रमाणपत्रे असोत.

गटारात उतरून विषारी वायूने मरणाऱ्या आपल्या भावांची गोष्ट आठवा. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. तरी माणूस खाली उतरवला जातोच. कागदावर सगळे ठीक, खाली हवा नाही. गटारातली हवा आणि तळघरातला धूर हे दोन वेगळे विषय वाटतात. पण कुणाच्या श्वासाची किंमत किती, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

कायदा आहे, त्याचा हिशेब मागा

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. या कायद्याने जबाबदारी इमारतीच्या मालकावर आणि ताबेदारावर टाकली आहे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चांगल्या व चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावे लागते. हाच तो फॉर्म बी. तो देते परवानाधारक संस्था. तिचे पैसे कोण देतो? इमारतीचा मालक. ज्याची परीक्षा आहे तोच परीक्षकाचे मानधन देतो. पगार देणाऱ्याला नापास करण्याची हिंमत किती परीक्षक दाखवतील, याचा विचार करा.

नुसत्या आदेशाने काय होते तेही आपण पाहिले. भंडाऱ्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. दहा महिन्यांनी, ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि त्याच दिवशी ११ रुग्ण दगावले.

आपल्याच पट्ट्यात ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या फुलबाज्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. त्या दिवशी सहा जणांचा जीव गेला, पुढे उपचार घेताना आकडा वाढत गेला. तिथे काम करणाऱ्या बहुतेक बाया होत्या. ती सार्वजनिक इमारत नव्हती हे मान्य. पण तळवडे असो, भोसरी असो की चाकण, भाजलेला, गुदमरलेला कामगार शेवटी आणला जातो तो पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात. कारखान्याच्या धुरातून वाचलेल्याला रुग्णालयाच्या धुरात मरू द्यायचे नसेल, तर सुरुवात या इमारतींपासून करावी लागेल.

म्हणून पिंपरी-चिंचवडमध्ये आपण ठोस प्रश्न विचारू. संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, मोहननगरचे कामगार विमा रुग्णालय, चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, महापालिकेची मुख्य इमारत. इथे काही बिघडले आहे असा आरोप आम्ही करत नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की बिघडलेले नाही हे नोंदीसह दाखवा. आमच्या मागण्या अशा:

१. जानेवारी आणि जुलैचा फॉर्म बी प्रत्येक सार्वजनिक इमारतीच्या मुख्य दारावर, मराठीत, संस्थेच्या नावासह लावावा.

२. सहा महिन्यांतून एकदा चाचणीचा धूर सोडून पूर्ण साखळी तपासावी. एकदा चालू विजेवर, एकदा मुख्य वीज बंद करून. जिन्यातला दाब मोजून आकडा लिहावा. ‘ठीक आहे’ असा शेरा चालणार नाही.

३. चाचणीच्या वेळी रात्रपाळीच्या परिचारिका, सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार यांचे प्रतिनिधी हजर असावेत आणि नोंदीवर त्यांची सही असावी.

४. कंत्राटी कामगाराला बिघाड नोंदवण्यासाठी वही असावी. तक्रार केली म्हणून कुणाचे काम गेले तर कंत्राटदारावर कारवाई व्हावी.

५. तपासणी करणाऱ्या संस्थेची निवड आणि तिचे पैसे इमारतीच्या प्रशासनाच्या हातात नसावेत.

हे होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. दहा रुपयांच्या अर्जावर मागील सहा फॉर्म बी मागा, देखभालीच्या कंत्राटाची प्रत मागा, चाचणीचे आकडे मागा. हा कायदा नुसत्या झेरॉक्सचा नाही. कामाची आणि नोंदींची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा हक्कही त्यात आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अपील करा. अर्ज जानेवारी आणि जुलै संपताच टाका, म्हणजे ताजा कागद हाती येईल.

आणि पाहणीला जाताना इंजिनिअर कुठून आणायचा, हा प्रश्न आपल्याला पडू नये. आयटीआय करून चाकणच्या कंपन्यांत मेंटेनन्सला लागलेले वायरमन, फिटर आणि एसी मेकॅनिक आपल्याच वस्त्यांत राहतात. कारखान्यात ते रोज असे पंखे आणि मोटरी सांभाळतात. तेच ज्ञान रविवारी समाजासाठी वापरायचे. सुरुवात आपल्या विहारांपासून, अभ्यासिकांपासून, वसतिगृहांपासून करू. जयंतीच्या गर्दीत सभागृहाचे मागचे दार कुलूपबंद नाही ना, ही पाहणी करायला कुणाची परवानगी लागत नाही.

१९२७ मध्ये महाडला आपण माणूस म्हणून पाण्यावरचा हक्क सांगितला. ते पाणी अडवणारी माणसे समोर उभी होती, ओळखू येत होती. आज हवा अडवणारा समोर दिसत नाही. तो न तपासलेल्या डॅम्परमध्ये, न वाचलेल्या फाइलमध्ये आणि न विचारलेल्या प्रश्नामध्ये लपलेला असतो. त्याला बाहेर काढायचे तर प्रश्न विचारावाच लागेल. पहिला प्रश्न चार शब्दांचा आहे: साहेब, फॉर्म बी दाखवा.

जय भीम!