दिवाळी संपली, चला गावाला!

भाऊबीज उलटली की शहरातल्या ऑफिसांमध्ये एक ठरलेला सीन असतो. सुट्टी संपवून आलेली मंडळी जांभया देत लॉगिन करतात, पॅन्ट्रीत चिवडा-चकलीचे डबे फिरतात, इनबॉक्स ओसंडून वाहत असतो आणि बॉस 'सो, बॅक टू वर्क?' करत हिंडत असतो. बरोब्बर त्याच सुमारास मी गाडीची टाकी फुल्ल करतो आणि गावाला निघतो.

'अरे, दिवाळी संपली ना?'
'संपली. म्हणून तर निघालोय!'

माझं गाव नाकाडोंगरी. तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. हे सांगितलं की पुण्यातली मित्रमंडळी मोबाइलवर नकाशा उघडतात आणि बोट उजवीकडे सरकवत नेतात. नागपूर आलं? थांबू नका. भंडारा? अजून वर. महाराष्ट्र संपत आला आणि पलीकडे मध्य प्रदेशातलं कटंगी दिसायला लागलं की त्याच्या थोडं अलीकडे आम्ही!

आणि कारण विचाराल, तर मंडई. यावर पुणेकराचा हमखास प्रश्न असतो, 'भाजी आणायला एवढ्या लांब?' तर मंडळी, भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग मिळून जी झाडीपट्टी होते, तिथे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली की गावोगावी भरणारी जत्रा म्हणजे मंडई. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा मिठाईची, खेळण्यांची, बांगड्यांची दुकानं. रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर पहाटेपर्यंत चालणारं नाटक. सासरी गेलेल्या मुली येतात, जावई येतात, सीमेपलीकडचे सोयरे येतात. उपवर पोरापोरींची 'सहज' ओळखपरेडही इथेच उरकली जाते, त्यामुळे सिंगल असाल तर इस्त्रीचा शर्ट घालून फिरा!

आता एचआरच्या हॉलिडे लिस्टमध्ये मंडई नसते, हे सांगायला नकोच. त्यावर आमच्या टीममध्ये एक छान सेटिंग झालंय. दिवाळीत सगळे घरी असतात, तेव्हा सपोर्ट मी सांभाळतो. मंडईत मी घरी असतो, तेव्हा ते. दोन्ही पार्ट्या खूश.

पुणे ते नागपूर हा प्रवास आता फार बोलण्यासारखा उरलेला नाही. छत्रपती संभाजीनगरपाशी समृद्धी महामार्गावर चढायचं आणि सुटायचं. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता डिसेंबर २०२२मध्ये नागपूर-शिर्डी असा सुरू झाला आणि ५ जून २०२५ला शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला. कारला ताशी १२०ची मर्यादा. सरळ, रुंद, गुळगुळीत आणि खरं सांगू? बोअर. गावं लांबून दिसतात, माणसं दिसतच नाहीत. दर दोन तासांनी उतरून हातपाय मोकळे केले नाहीत तर डोळे उघडे असूनही डुलकी लागावी असा. पण पोचवतो लवकर, यात वाद नाही.

माझी खरी ट्रिप दुसऱ्या दिवशी सुरू होते. रात्री नागपुरात मित्राकडे मुक्काम, सकाळी तर्री-पोहे आणि मग पुढचे सव्वाशे-दीडशे किलोमीटर अगदी निवांत. कोणी मागून हॉर्न वाजवला तर वाजवू दे. हात दाखवून पुढे जाऊ द्यायचं.

माथनी, कन्हान नदी, मौदा. हायवेच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या दिसायला लागतात. कुठे उभं पिवळं पीक, कुठे कापून ठेवलेल्या कडपा, कुठे रचलेलं पुंजणं. हलकं धान दिवाळीच्या आसपास निघतं, भारी धान त्यानंतर. म्हणूनच तर मंडई या दिवसांत. धान घरात येतंय, हातात चार पैसे दिसतायत, मग माणूस जत्रा भरवणार नाही तर काय करणार! आपला बोनस दिवाळीच्या आधी येतो, यांचा नंतर. एवढाच काय तो फरक.

पितळी भांड्यांसाठी एकेकाळी नाव कमावलेल्या भंडाऱ्याला हायवे सोडायचा आणि डावीकडे वळायचं. वरठी लागतं. इथल्या रेल्वे स्टेशनचं नाव 'भंडारा रोड'. पुढे तुमसरजवळचं स्टेशन 'तुमसर रोड', तेही शहरापासून लांब देव्हाडीला. म्हणजे गाडी गावाला नेत नाही, गावाच्या रस्त्याला नेऊन सोडते. पुढचं तुमचं तुम्ही बघा! मला हा प्रकार फार प्रामाणिक वाटतो.

मोहाडीपाशी आलं की माझ्या जिभेतही काहीतरी बदलतं. झाडीबोलीत 'ळ' नाही. दिवाळीची 'दिवारी' होते, डोळ्याचा 'डोरा' होतो, पाण्याचं 'पानी'. सकाळच्या कॉन्फरन्स कॉलवर 'लेट्स टेक धिस ऑफलाइन' म्हणणारा मी चहाच्या टपरीवर 'का भाऊ, धान निघालं का?' असं विचारतो. कुणी शिकवावं लागत नाही. १२०च्या स्पीडने हे होत नाही बरं का. चाळीसच्या स्पीडनेच होतं.

तुमसर ही तांदळाची बाजारपेठ. शहर मागे पडलं की रस्ता अरुंद होतो, जंगल जवळ येतं. नाकाडोंगरी हे वनपरिक्षेत्राचंही नाव आहे, तेव्हा अंधार पडायच्या आत पोचायचं हा आमचा घरचा नियम. रस्त्यावर रानडुकराला राइट ऑफ वे! गोबरवाही आलं की मॅंगनीजचा मुलूख. इथल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतून निघणारं मॅंगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलसाठी वापरलं जातं. तुमच्या टीव्हीच्या रिमोटमध्ये आमच्याकडची चिमूटभर काळी भुकटी असूही शकते. आता सांगा, कुठे आहे नाकाडोंगरी? तुमच्या हातात!

यंदा मात्र मी नेहमीपेक्षाही हळू चालवत होतो. त्याला कारण होतं. बाबांनी फोनवर एवढंच म्हटलं होतं, 'मंडईला ये. शेताचं बोलायचं आहे.' बाबा आता सत्तरीत आहेत. गुडघे बोलतात. गावातलाच एक जण दोन एकर घ्यायला तयार होता आणि भावही बरा सांगत होता. हिशेबच करायचा तर उत्तर सोपं होतं. पुण्यातल्या फ्लॅटचं कर्ज बरंचसं हलकं झालं असतं. मी गाडीत तो हिशेब चारदा केला. चारही वेळा बरोबर आला. पण दर वेळी बाजूला एखादी बांधी दिसली की गाडी आपोआप कडेला घेतली जायची.

घरी कोणी विषय काढला नाही. संध्याकाळी बाबा आणि मी धुऱ्यावरून चालत शेवटच्या बांधीपर्यंत गेलो. तिथे चिन्नोर लावलेला. बारीक, सुगंधी, भंडाऱ्याच्या नावानं जीआय मानांकन मिळालेला.

'मले आता झेपून नाही राह्यलं,' बाबा म्हणाले. 'विकायचं मन नाही. पण तुले यायला होत नाही, तर मी कोणासाठी ठेवू?'

यावर डायलॉग मारता आला असता. मी फक्त विचारलं, 'रोवणीला किती दिवस लागतात?'
'माणसं मिळाली तर चार-पाच.'
'मग जुलैत मी येतो. बाकी वर्षभर चुलतभावाला ठेक्यानं देऊ. पण रोवणीला मी, अन् मंडईला मी.'

बाबा काही बोलले नाहीत. परतताना त्यांनी धुऱ्यावरचा एक दगड पायानं नीट बसवला, एवढंच. आमच्याकडे याला 'डील क्लोज' म्हणतात.

रात्री मंडईत बाबा नाटकाला पुढच्या रांगेत. झाडीपट्टीच्या या रंगभूमीची दखल दिल्लीनंही घेतली, २०२३मध्ये इथले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पण बाबांना त्याचं काय! नायिकेच्या बापानं जमीन गहाण ठेवली, तेव्हा ते माझ्याकडे वळून बघायचे आणि पुन्हा समोर. आत्या कटंगीहून आली होती. तिनं तीन मुलींची माहिती एका दमात दिली. तो विषय पुन्हा कधीतरी!

प्रत्येकाच्या गावची अशी एक तारीख असते, जी कंपनीच्या कॅलेंडरमध्ये सापडत नाही. कुणाची जत्रा, कुणाचा उरूस, कुणाची पालखी. घरातली मोठी बोलणी बहुतेक त्याच तारखेची वाट बघत थांबलेली असतात. फोनवर ती होत नाहीत. तेव्हा जानेवारीत लीव्ह प्लॅनर भराल ना, तेव्हा गोव्याच्या आधी ती तारीख टाका. आणि शेवटचे शंभर किलोमीटर जरा हळू चालवा. बॉस विचारेलच, 'एनिथिंग अर्जंट?' हो म्हणा. जुलैसाठी मी आत्ताच म्हणून ठेवलंय.