गॅप घ्यायचाच, तर कुठे?

'गॅप' हा शब्द आपल्या कॉलेजात फार बदनाम आहे. कोणी सांगितले की माझा एक वर्षाचा गॅप आहे, की समोरचा लगेच विचारतो, "किती विषय राहिले होते?" ॲडमिशनच्या वेळी तर स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावे लागते की या काळात मी दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतला नव्हता. म्हणजे वर्षभर काही केले नाही, हे चक्क शपथेवर सांगायचे!

पण मित्रांनो, जरा आजूबाजूला बघा. आपला समाज गॅपला घाबरतो हे काही खरे नाही. नीटसाठी लातूरला एक वर्ष 'रिपीट' केलेले आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. एमपीएससीसाठी पुण्यात चार-चार वर्षे काढणारे दादा आणि ताई तर प्रत्येक गावात आहेत. घरचे सोयाबीन विकून त्यांना महिन्याचे पैसे पाठवतात आणि कोणी त्याला 'वाया गेलेले वर्ष' म्हणत नाही. परीक्षेसाठी गेलेले वर्ष माफ असते. जग बघायला आणि काही शिकायला गेलेले वर्ष मात्र उडाणटप्पूपणा ठरतो. हे मला पटत नाही.

आता डिग्री झाल्यावर एक वर्ष परदेशात काढायचे, असे आपल्यातले काहीजण उघडपणे बोलू लागले आहेत. चांगली गोष्ट आहे. पण होस्टेलवरची ही चर्चा ऐकली की गंमत वाटते. ती सुरू होते देशांच्या यादीने. लंडन, मेलबर्न, बाली, व्हिएतनाम... मग कुठे स्वस्त आणि कुठे फोटो चांगले येतात. शेवटी कोणीतरी विचारते, "पण तिथे जाऊन करायचे काय?" मग सगळे गप्प! माझे म्हणणे एवढेच आहे की ही यादी उलटी वाचावी. आधी काय शिकायचे ते ठरवा, मग ते कुठे शिकता येईल ते शोधा, आणि तिथे किती महिने राहणे खिशाला झेपेल ते मोजा. देशाचे नाव सगळ्यात शेवटी येते.

आधी खिशाचे बोलू, कारण आपल्या जिल्ह्यात तोच पहिला प्रश्न आहे. ब्रिटनने २०२३ पासून भारतीय तरुणांसाठी एक योजना सुरू केली आहे. १८ ते ३० वय, हातात डिग्री, वर्षाला ३,००० जागा, निवड लॉटरीने आणि दोन वर्षे राहून काम करायची परवानगी. ऐकायला झकास! पण खात्यात २,५३० पौंड शिल्लक दाखवावी लागते, म्हणजे तीन लाखांच्या आसपास. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तोही दोन वर्षांचा आधीच भरायचा. व्हिसाची फी आणि विमानाचे तिकीट वेगळे. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून असाच 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा भारतीयांना खुला केला. त्याच्या जागा वर्षाला १,०००, त्याही लॉटरीने, आणि सोबत ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर असल्याचे दाखवायचे. ज्यांना हे जमते त्यांनी जरूर अर्ज करावा, त्यात वाईट काही नाही. पण ज्याच्या घरी एक बैलजोडी आणि दोन वर्षांचा दुष्काळ आहे, त्याने लॉटरीवर आयुष्याचे एक वर्ष टांगून ठेवू नये.

मग आपल्यासारख्यांनी परदेश विसरायचा का? मुळीच नाही. कमी पैशात परदेश कसा करावा हे शिकवणारा एक मराठी माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेला. धर्मानंद कोसंबी! गोव्यातल्या साखवाळ गावचा, शाळा धड न झालेला माणूस. बुद्धाविषयी वाचून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली की हा धर्म मुळातून शिकायचा. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. आधी पुणे, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. तिथून नेपाळला गेले. नेपाळात जे शोधत होते ते सापडले नाही, म्हणून निराश होऊन परतले. पण शोध सोडला नाही. पाली शिकवणारे गुरू सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, आहेत असे कळल्यावर १९०२ मध्ये ते तिकडे गेले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. शेवटी १९१० मध्ये याच माणसाला अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाने पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावून घेतले. 'निवेदन' या आत्मचरित्रात त्यांनी हा सगळा प्रवास लिहून ठेवला आहे.

यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे त्यांनी देश निवडला नाही, गुरू निवडला. गुरू जिथे, तो देश. म्हणूनच नेपाळ चुकले तरी प्रवास फुकट गेला नाही. दुसरी म्हणजे ते एका जागी राहिले. पैसा जातो तो हिंडण्यात. आठवड्याला एक शहर बदलणाऱ्याला लाखही पुरत नाहीत, पण एका गावात खोली घेऊन सहा महिने राहणाऱ्याचे तिथल्या लोकांसारखेच भागते. अर्थात कोसंबींचे सगळेच उचलू नका. ते घरी बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून गेले होते. त्यांच्या मोठेपणाची किंमत घरच्यांनीही मोजली, हे आपण विसरू नये.

आणि मुलींनो, हा मार्ग फक्त मुलांचा नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीय शिक्षण घ्यायला. ऐकू कमी येत असल्यामुळे ते जमले नाही. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, तिथे बालशिक्षणाची किंडरगार्टन पद्धत शिकल्या आणि परत आल्यावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. वर अमेरिकेवर मराठीत एक अख्खे पुस्तक लिहिले. आम्ही कॉन्व्हेंटमध्ये इंग्लंड-अमेरिकेचा नकाशा पाठ केला, पण रमाबाई तिथून काय घेऊन आल्या हे आम्हाला कोणी सांगितले नाही.

आता आजचे बोलू. धाराशिवच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यासाठी मला विचाराल तर माझे मत नेपाळ. हसू नका! "नेपाळ म्हणजे काय परदेश आहे का?" असे बरेचजण म्हणतात. तर ऐका.

पहिली गोष्ट पैशाची. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही. रस्त्याने गेलात तर पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्र चालते. फक्त आधार कार्डावर विसंबू नका, आपल्या वयाच्या माणसाचे ते तिथे ओळखपत्र म्हणून धरत नाहीत. इथून एसटीने पुणे, पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने किंवा जीपने सुनौली आणि मग चालत सीमेपलीकडे. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून ठरलेला आहे, त्यामुळे डॉलर वर गेला म्हणून तुमचा हिशोब कोसळत नाही. आणि नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात, म्हणजे पहिल्याच दिवशी दुकानावरची पाटी वाचता येते. असा परदेश आपल्याला दुसरा कुठला आहे?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तिथे आपल्या जिल्ह्याचाच एक प्रश्न बघायला मिळतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्याकडे कोणाला सांगावी लागत नाही. उमरगा-लोहारा भागात आणि किल्लारीकडे दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. नेपाळात २५ एप्रिल २०१५ ला ७.८ रिश्टरचा भूकंप झाला आणि सुमारे नऊ हजार माणसे गेली. खेड्यांत पडलेली घरे पुन्हा तीच, दगड आणि मातीची! पण पुढे दोन वाटा वेगळ्या झाल्या. आपल्याकडे जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झाले आणि सर्वात जास्त नुकसान झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. नेपाळ सरकारने घरमालकाला तीन लाख नेपाळी रुपये हप्त्याहप्त्याने दिले. घर त्याने स्वतः बांधायचे आणि इंजिनिअरने काम तपासले की पुढचा हप्ता मिळायचा. यातली कोणती पद्धत बरी? लोक कुठल्या घरात सुखाने राहतात? कोणी नव्या घराला पुन्हा जुन्यासारखी खोली जोडली? सिव्हिलच्या मुलांना याहून चांगला प्रोजेक्ट कुठे मिळेल? गवंड्यांना भूकंपरोधक बांधकाम शिकवणारी 'नॅशनल सोसायटी फॉर अर्थक्वेक टेक्नॉलॉजी' ही काठमांडूची संस्था योगायोगाने १९९३ सालीच स्थापन झाली आहे. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी डोंगरातल्या ओढ्यांवरचे छोटे जलविद्युत प्रकल्प आहेत. त्यातले बरेच गावकरी स्वतः चालवतात आणि त्यांची टर्बाइन नेपाळातल्याच वर्कशॉपमध्ये बनतात. पठारावरच्या पवनचक्क्यांकडे नुसते बघत मोठे झालेल्या आपल्या पोरांनी, स्वतःची वीज स्वतः चालवणारे गाव एकदा बघावे.

अडचणी आहेतच. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या आंदोलनात काठमांडू पेटले आणि सरकार कोसळले. म्हणून बातम्या बघूनच निघायचे आणि परतीचे पैसे वेगळे बांधून ठेवायचे. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा डोंगरात जायचे नाही. कुठल्या संस्थेत काम करणार असाल, अगदी बिनपगारी, तरी आधी ईमेल करा, होकार लेखी घ्या आणि तिथले नियम विचारून घ्या. 'जाऊन बघू' हा प्लॅन नाही.

आणि सगळ्यात मोठा खर्च तिकिटाचा नसतो, न कमावलेल्या पगाराचा असतो. हे घरी बोलताना लपवू नका. एज्युकेशन लोन असेल तर कोर्स संपल्यावर साधारण एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, पण व्याज त्या काळातही चढतच असते. मग बारा महिन्यांचा हट्ट कशाला? चार-सहा महिने जा आणि उरलेल्या काळात नोकरी शोधा. धाकट्या भावा-बहिणीची फी तुमच्या पहिल्या पगारावर अवलंबून असेल तर आधी दोन वर्षे नोकरी करा. नेपाळ कुठे पळून जात नाही. अंथरूण पाहून पाय पसरायचे असतात, पण पाय पोटाशीच घेऊन झोपा असे कोणी सांगितलेले नाही.

ज्यांना नेपाळात आपला प्रश्न सापडत नाही, त्यांनी दुसरीकडे शोधावा. कोसंबींनीही तेच केले. आणि ज्यांच्याकडे प्रश्नच नाही, त्यांनी आठ दिवसांची ट्रिप करावी, मजा करावी आणि तिला ट्रिपच म्हणावे.

आपल्या जिल्ह्याला परदेश काही नवीन नाही. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या तेरचे, म्हणजे तगरचे, कापड भडोच बंदरातून रोमच्या व्यापाऱ्यांकडे जात होते. ग्रीक भाषेतल्या एका जुन्या प्रवासग्रंथात तशी नोंद आहे. तेव्हा बाहेर जाणाऱ्याला कोणी गॅप सर्टिफिकेट मागितले नव्हते! आपल्याला मात्र कंपनीच्या फॉर्मवरचा तो रकाना भरावाच लागणार आहे. तिथे लिहायला एक धड ओळ हातात असेल, तरच बॅग भरा. आणि जो कोणी पहिल्यांदा जाऊन येईल, त्याने पुढच्या वर्षी याच पानांवर खर्चाच्या हिशोबासकट मराठीत लिहावे, म्हणजे मागून येणाऱ्यांना घरी दाखवायला काहीतरी राहील.