सोन्याला हॉलमार्क बघता, मग लॅपटॉपचं काय?

मैत्रिणींनो, आपण बायका खरेदीच्या बाबतीत तशा चिकित्सक. सोनं घेताना हॉलमार्क बघतो, कुकर घेताना आयएसआयचा शिक्का बघतो, दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचल्याशिवाय पैसे देत नाही. पण ज्या लॅपटॉपवर घरातली एफडी, आरडी, पेन्शनचं खातं सगळं उघडतं, त्याच्या आत काय भरलंय, हे विचारायची वेळ आली की एकदम गप्प! ‘ते ह्यांना माहीत’, ‘ते मुलगा बघतो’, नाहीतर ‘दुकानवाल्याने टाकून दिलंय’. मला वाटतं, आता हे गप्प बसणं पुरे झालं.

आधी साधी गोष्ट समजून घेऊ. संगणक सुरू केला की जी जागी होते आणि कीबोर्ड, पडदा, इंटरनेट या सगळ्यांना कामाला लावते, ती ऑपरेटिंग सिस्टिम. घरातल्या कारभारणीसारखीच म्हणा ना! तुम्ही बँकेचा पासवर्ड टाइप करता, तेव्हा त्याचं प्रत्येक अक्षर तिच्या हातातून पुढे जातं. बँकेने आपल्या बाजूला कितीही भक्कम कुलूप लावलं, तरी इकडे कारभारीणच फितूर असेल तर त्या कुलपाचा काय उपयोग?

आणि आपल्याकडे ही कारभारीण येते कुठून? तालुक्याच्या गावात ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणणारं दुकान असतं. थोडक्या पैशांत विंडोज टाकून मिळतं. बहुतेक वेळा ते डुप्लिकेट असतं. ते अस्सल वाटावं म्हणून ‘क्रॅक’ नावाचा एक छोटा प्रोग्राम चालवतात, आणि तो चालावा म्हणून अँटीव्हायरस आधी बंद करतात. म्हणजे रखवालदाराला सुट्टी देऊन अनोळखी माणसाला घरात घ्यायचं! तो क्रॅक कोणी बनवला, फुकट का वाटला, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. अशा प्रोग्रामबरोबर पुष्कळदा दुसरंही काही आत शिरतं. तुम्ही दाबलेली बटणं टिपून ठेवणारं, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गुपचूप बाहेर पाठवणारं.

काही जणी म्हणतील, ‘आमचं तर बिल घेऊन आणलेलं, ओरिजिनल आहे.’ उत्तम. पण त्याची तारीख बघितलीत का? विंडोज ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं १४ जानेवारी २०२० ला थांबलं. विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाल्या. घरगुती ग्राहकांनी वेगळी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ तेवढी जाहीर झाली. विंडोज ११ घ्यावं म्हटलं, तर सात-आठ वर्षांपेक्षा जुने बरेचसे लॅपटॉप त्याला चालत नाहीत. मग करायचं काय? धडधाकट लॅपटॉप भंगारात घालायचा?

माझं स्पष्ट मत आहे, अशा घरांनी लिनक्सकडे वळावं. नाव ऐकून दचकू नका. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेलं हे काम आज जगभरातली माणसं मिळून पुढे नेतात. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनसुद्धा लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ने ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स तयार केली. केरळच्या सरकारी शाळांतली मुलंमुली तर कित्येक वर्षं लिनक्सवरच संगणक शिकताहेत. त्यांना जमतं, मग आपल्याला का नाही जमणार?

याला ‘ओपन सोर्स’ म्हणतात, कारण प्रोग्रामची पाककृती सगळ्यांसाठी खुली असते. ज्याला समजतं त्याने वाचावी, चूक दिसली तर सांगावी. त्यावर हमखास प्रश्न येतो, ‘अहो, पाककृती उघडी म्हणजे चोरालाही कळणार की!’ बरोबर आहे. पण कुलूप कसं बनतं हे गावातल्या प्रत्येक लोहाराला माहीत असतं, म्हणून काही तुमचं घर फुटत नाही. किल्ली तुमच्याकडे असते, ते महत्त्वाचं.

अर्थात उघडं म्हणजे निर्दोष, असंही मी म्हणणार नाही. मार्च २०२४ मध्ये लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ नावाच्या एका छोट्या प्रोग्राममध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवल्याचं उघडकीला आलं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या कामात सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला. त्याने खोदून पाहिलं, तर ही भानगड! सर्वसामान्य लोक वापरतात त्या बहुतेक स्थिर आवृत्त्यांपर्यंत पोहोचायच्या आधीच ती पकडली गेली. पाककृती उघडी होती, म्हणूनच त्याला मुळापर्यंत जाता आलं.

लिनक्समध्येही पुष्कळ प्रकार आहेत. नव्याने सुरुवात करणारीला मी ‘लिनक्स मिंट’ सुचवेन. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, तशीच खिडकी, तसंच फोल्डर. विंडोजची सवय असलेली बाई दोन दिवसांत रुळते. फायरफॉक्स ब्राउझर आतच असतो. चार जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर ते चालतं, मराठी लिहिता येतं, आणि एकही पैसा लागत नाही. जुलै २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. नवी दुरुस्ती आली की खालच्या पट्टीवरच्या ढालीच्या चिन्हावर खूण दिसते. तिथे क्लिक करायचं, पासवर्ड द्यायचा, झालं. आणि आपण काही नवीन टाकत नसताना पासवर्ड मागितला गेला, तर थांबायचं आणि आधी विचारायचं.

घाईने लॅपटॉप पुसूनही टाकू नका. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवून आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर घ्या. घरातली कॉलेजची मुलगी किंवा संगणक क्लासच्या मॅडम हे करून देतील. त्या पेन ड्राइव्हवरूनच लॅपटॉप सुरू करून बघा. जुनं विंडोज जागच्या जागी राहतं. चार दिवस वापरा, वायफाय लागतं का, प्रिंटर चालतो का, बँकेचं पान नीट उघडतं का, ते तपासा. पण कायम पेन ड्राइव्हवरच विसंबू नका, कारण त्यावरचा ब्राउझर शिळा होत जातो. पसंत पडलं, तर फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून मगच ते लॅपटॉपमध्ये टाका.

अडचणीही सांगते, म्हणजे नंतर मला नावं ठेवायला नकोत! घरात हिशेबाला टॅली लागत असेल, तर ते विंडोजसाठीच बनलेलं आहे. डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल, तर तो लिनक्सवर त्रास देऊ शकतो. अशा घरी धंद्याचा संगणक वेगळा ठेवा, आणि घरातला जुना लॅपटॉप फक्त पैशांच्या व्यवहाराला. त्यावर गेम नाही, फुकटचा सिनेमा नाही, कुणी पाठवलेली फाइल उघडणं नाही. देवघरातली समई आपण गोठ्यात नेतो का?

आणि एक लक्षात ठेवा. लिनक्स आलं म्हणून ओटीपी सांगायची मुभा मिळाली, असं नाही! ‘वीज कापतोय, ही फाइल टाका’, ‘तुमची डिजिटल अरेस्ट झाली आहे’, असले फोन कुठल्याही सिस्टिमला जुमानत नाहीत. ते आपल्या भीतीवर चालतात. बँकेचा पत्ता स्वतः टाइप करा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, म्हणून पत्त्याचा शेवट तसा आहे ना, ते बघायची सवय लावा. फसवणूक झालीच, तर रडत बसण्याआधी १९३० ला फोन आणि बँकेला कळवणं. इथे तासातासाला किंमत आहे.

आता खरं दुखणं. आपल्यातल्या कित्येकींचं खातं स्वतःच्या नावावर असतं, पण मोबाईल नंबर नवऱ्याचा जोडलेला, पासवर्ड मुलाला पाठ आणि लॅपटॉप सगळ्यांचा. बचत गटाचे, शिलाईचे, पेन्शनचे पैसे आपले. पण ते बघायचे तर कुणाला तरी वेळ असायला हवा! म्हणून नवी सिस्टिम टाकताना त्यावर स्वतःच्या नावाचं वेगळं खातं उघडून घ्या, आणि पासवर्ड स्वतः ठरवा. यात घरच्यांवर अविश्वास कसला? न्हाणीघराला आतून कडी असते, ती काय घरच्यांना चोर समजून? आजारपण-अडचणीसाठी तो पासवर्ड एका पाकिटात बंद करून कपाटात ठेवा. पण पाकीट ठेवायचं की नाही, आणि कुठे, हे तुम्ही ठरवा.

तेव्हा पुढच्या वेळी ‘फॉरमॅट मारून देतो’ असं कुणी म्हणालं, तर दोनच प्रश्न विचारा. यात काय टाकणार? आणि त्याला दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार? उत्तर नीट आलं नाही, तर लॅपटॉप उचलायचा आणि घरी यायचं. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण, आयुष्याच्या कमाईसाठी एवढं तर विचारूच शकतो!