गाळणीची जागा

मराठी व इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाने शाळेच्या वार्षिकात मोटारसायकलीच्या गाळणीवर लिहावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु एका विद्यार्थ्याची परीक्षा ज्या चुकीमुळे हुकता हुकता राहिली, ती चूक माझीच होती. म्हणून तिने शिकविलेला धडा वाचकांपुढे मांडणे मी कर्तव्य समजतो.

माझी मोटारसायकल जुनी, कार्ब्युरेटरची आहे. टाकीतील पेट्रोल कोणत्याही पंपावाचून, केवळ स्वतःच्या भाराने खाली कार्ब्युरेटरात उतरते. वाटेत रबरी नळीला जोडलेली एक लहानशी गाळणी टाकीतला गंज व कचरा अडविते. ती तुंबली, तेव्हा मी घरीच बदलली. नवी गाळणी जरा लांब होती. जुन्या जागी बसेना. मी नळी वाकविली, गाळणी सिलिंडरला टेकवून ठेविली आणि काम फत्ते झाले म्हणून हात धुतले.

दोनच दिवसांनी दहावीच्या परीक्षेस निघालेला शेजारचा मुलगा बस चुकल्यामुळे धावत माझ्याकडे आला. त्याला मागे बसवून निघालो. अफझलगंजच्या गर्दीत थांबत थांबत जाताना इंजिन तापले आणि मुसी नदीच्या पुलावर गाडी बंद पडली. टाकी भरलेली, गाळणी नवी. तरी ती सुरू होईना. अखेर गाडी कडेला लावून आम्ही दोघे पळत सुटलो. मुलगा केंद्रात शिरला तेव्हा दार बंद होण्यास काही क्षणांचाच अवकाश होता. परत येऊन पाहतो, तो निवलेली गाडी पहिल्याच किकला सुरू झाली!

कारण साधे होते. इंजिनाच्या आचेने गाळणीतील पेट्रोलची वाफ झाली. मी नळीला दिलेल्या वरच्या वळणात ती कोंडली आणि तिने पेट्रोलची वाट अडविली. गोव्यातील आमच्या कुळागरात पाट काढताना आजोबा प्रथम उतार पाहत व मगच कुदळ हाती घेत. ते पाहत वाढलेला मी उताराचा नियम विसरलो, कारण तो माझ्या मते ‘शेतीचा’ होता!

मग गाळणीची जागा मी बदलली. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, उघड्या अंगणात, जवळपास दिवा, विडी वा ठिणगी नाही याची खात्री करून टाकीची तोटी बंद केली. नळीतील पेट्रोल धातूच्या भांड्यात घेतले. पेट्रोलसाठीच बनविलेली नवी नळी व नव्या चिमट्या आणल्या. गाळणीवरील बाण कार्ब्युरेटराकडे ठेविला. नळीला टाकीपासून अखेरपर्यंत उतार दिला व गाळणी सिलिंडर आणि सायलेन्सर यांपासून दूर बसविली. नंतर तोटी उघडून, एक थेंबही गळत नाही हे पाहूनच गाडी सुरू केली.

कोणी म्हणतील, ‘गल्लोगल्ली मेकॅनिक असताना शिक्षकाने हा उपद्व्याप का करावा?’ आक्षेप अगदीच खोटा नाही. १ एप्रिल २०२० पासून नव्या प्रदूषण-नियमांनुसार निघालेल्या बहुतेक मोटारसायकलींत इंधन पंपाच्या दाबाने जाते; त्यांची गाळणी घरी उघडणे धोक्याचे आहे, ते काम जाणत्या कारागिराचेच. पण आपली मर्यादाही स्वतः हात लावल्याखेरीज नीट कळत नाही. ‘दोन स्क्रू फिरविण्याचे एवढे पैसे?’ असे कारागिराला विचारणारा मीही एके काळी होतो. पुलावरील त्या सकाळनंतर तो प्रश्न माझ्या तोंडून निघालेला नाही. शिवाय पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आपल्या देशाने २०२५ साली गाठले. इथेनॉल पाणी शोषून घेते व जुन्या रबराला बाधते. तेव्हा जुनी गाडी वापरणाऱ्याने नळी व गाळणी यांकडे पूर्वीपेक्षा अधिक लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण देण्याची कल्पना मांडली. तिला अभ्यासक्रमाचे रूप देणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन हे आपल्या हैदराबादेतच १८९७ साली जन्मले. त्यांच्या या जन्मगावी तरी आपण हाताचे काम शिक्षणाबाहेर ठेवू नये. आठवड्यातून एक तास त्यासाठी द्यावा, अशी माझी सूचना आहे. मुलांच्या हाती पेट्रोल देण्याचे मुळीच कारण नाही. उंचावर टांगलेली पाण्याची बाटली, पारदर्शक नळी व एक गाळणी एवढे पुरे. नळीचे वळण वर उचलावे, बुडबुडा कोठे अडतो ते विद्यार्थ्यांनी पाहावे आणि का अडतो ते आपल्या शब्दांत लिहावे. त्यात विज्ञान येईल आणि मराठीचा निबंधही होईल.

विद्यार्थी मित्रहो, जुनी वस्तू काढून नवी बसविली म्हणजे दुरुस्ती झाली, अशी माझी समजूत होती. ती वस्तू तेथेच का असते, हे विचारल्यावाचून दुरुस्ती पुरी होत नाही. हा प्रश्न मी अंगणात विचारला असता, तर तो मुलगा परीक्षेच्या दिवशी पुलावरून धावला नसता.