धुराचा बर्फ आणि पाटीची लेखणी



गेल्या महिन्यात जव्हारला एका वलीम्याला गेले होते. नवरा-नवरी स्टेजवर येताना पायाशी पांढरा धूर सोडला होता. आता आपल्याकडेही ही हौस आली आहे. सगळे मोबाईल वर करून उभे होते. स्टेजच्या मागे थर्मोकोलच्या खोक्याशी मात्र माझ्या शाळेतला तिसरीचा मुलगा रुमालात पांढरा खडा धरून उभा होता. "टीचर, बर्फ!" म्हणत तो तोंडाकडे नेतच होता. मी हातावर चापट मारली, खडा खाली पडला. चार पाहुण्यांसमोर लेकराला मारलं म्हणून त्याची अम्मी नाराज झाली. तिला बाजूला घेऊन जे सांगितलं, तेच इथे लिहिते.

तो बर्फ पाण्याचा नसतो. आपण श्वासातून बाहेर टाकतो तो कार्बन डायऑक्साइड वायू गोठवून केलेला असतो. त्याचं तापमान उणे ७८ अंशांच्या आसपास असतं. तो वितळून पाणी होत नाही, सरळ वायू होतो, म्हणून त्याला कोरडा बर्फ म्हणतात. तोंडात गेला तर जीभ आणि घसा भाजल्यासारखे होतात. गिळला गेला तर आतली त्वचा गोठते आणि वायू फुगून पोट फाटण्याचीही भीती असते. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून हाच बर्फ दिला गेला आणि पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या. पुढच्याच महिन्यात छत्तीसगडमधल्या राजनांदगावला एका लग्नात तीन वर्षांचा मुलगा साधा बर्फ समजून तो खाऊन दगावला. तेव्हा धूर हवाच असेल, तर त्या खोक्यापाशी एक जाणता माणूस बसवा. डेकोरेशनवाला धूर सोडून जेवायला जातो, खोकं तिथेच राहतं. उरलेला बर्फ बाटलीत भरून बूच लावू नका, बाटली फुटते.

पण खरं सांगू? आपल्या घरात कोरडा बर्फ वर्षातून एकदा येतो, बटणासारखा चपटा सेल रोज असतो. रिमोट, घड्याळ, दिव्याची खेळणी, वजनकाटा. ईदीच्या पैशांतून घेतलेल्या स्वस्त खेळण्यात तर त्याचं झाकण नखाने उघडतं. हा सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या जागी वीज वाहू लागते, तिथे क्षार तयार होतो आणि दोन तासांत नळी जळायला लागते. मूल मात्र सुरुवातीला फक्त लाळ गाळतं किंवा खायला नको म्हणतं. आपण समजतो सर्दी झाली.

अशा वेळी आपल्याकडे केळं भरवतात, म्हणजे खाली सरकेल. ते करू नका. मीठपाणी पाजून उलटीही काढू नका. मूल एक वर्षावरचं असेल, गिळू शकत असेल आणि घरात मध असेल, तर दवाखान्याच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. त्याने जळणं थोडं मंदावतं, थांबत नाही. मध शोधण्यात मात्र वेळ घालवू नका. पहिलं काम एक्स-रे. नाणं गिळलं असं वाटलं तरी एक्स-रे काढाच, कारण सेल आणि नाणं दिसायला सारखेच. मोखाड्याच्या पाड्यांवरून नाशिक गाठायचं म्हणजे दोन तास वाटेतच जातात. "सकाळपर्यंत बघू" ही सवय आपल्याला परवडणारी नाही. १०८ ला फोन करा आणि सोबत तसाच दुसरा सेल किंवा त्याचं पाकीट न्या.

कुंपणाच्या चंद्रज्योतीबद्दलही सांगते. कोणी तिला मोगली एरंड म्हणतं. बी शेंगदाण्यासारखी गोड लागते, एकाने खाल्ली की वर्गातली दहा जणं खातात, आणि तासाभरात सगळ्यांना उलट्या-जुलाब. आमच्या शाळेचं कुंपण आम्ही यंदा बदललं.

आता पाटीची लेखणी. वर्गात ती चोरून खाणारी मुलं दरवर्षी असतात. चुलीची भाजकी माती खाणाऱ्या गरोदर बायकाही मी पाहिल्या आहेत. आपण ओरडतो, मारतो. पण ही वखवख पुष्कळदा रक्तातलं लोह कमी झाल्याने येते, आणि मातीतून जंत पोटात जाऊन रक्त आणखी कमी होतं. १९९२-९३ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं गेली, त्या मुलखात तरी याला नुसती खोड म्हणू नये. मारण्याऐवजी हिमोग्लोबिन तपासून घ्या. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळेत जंताची गोळी देतात, त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका. नाचणी, पालेभाजी, वर लिंबू. जेवणावर लगेच चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही.

शाळेतून मिळणारी लोहाची गुलाबी किंवा निळी गोळी दिसते अगदी चॉकलेटच्या गोळीसारखी. मोठ्या मुलीला आठवड्याला एक, ती औषध. धाकट्याने मूठभर खाल्ली तर तीच विष. म्हणून पाकीट दप्तरात ठेवू नका, वरच्या फळीवर ठेवा, आणि आपल्या हाताने द्या.