धाराऊंचा वारसा आणि दुधाचा बाजार

पुरंदरच्या परिसरातील कापूरहोळ हे गाव महाराष्ट्राच्या इतिहासात एका मातेमुळे चिरंतन झाले आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर शंभूराजांचा जन्म झाला. महाराणी सईबाईंची प्रकृती क्षीण होती आणि बाळाला पुरेल इतके दूध त्यांना येत नव्हते. तेव्हा कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातील धाराऊ पुढे आल्या. त्यांनी शंभूराजांना अंगावर पाजून वाढवले आणि त्यांचे पुत्र अंतोजी व रायाजी हे राजांचे दूधभाऊ ठरले. स्वराज्याच्या दुसऱ्या छत्रपतींचा पिंड एका गावकरी मातेच्या दुधावर पोसला, ही कथा आज व्याख्यानांतून अभिमानाने सांगितली जाते. सभागृहात टाळ्याही पडतात. प्रश्न आहे तो टाळ्या थांबल्यानंतरचा.

कारण सईबाईंवर आलेला तो प्रसंग आजही रोज ओढवतो आहे. रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत ठेवलेले, दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले, हजार-बाराशे ग्रॅम वजनाचे बाळ हे त्याचे आजचे रूप होय. २०२० या वर्षाच्या अंदाजानुसार भारतात सुमारे ३० लाख बालके अकाली जन्माला आली. जगात अन्य कोणत्याही देशात ही संख्या एवढी नाही. अशा बाळाची आई बहुधा स्वतःच आजारी असते. रक्तदाब वाढल्याने तातडीची शस्त्रक्रिया झालेली असते, कधी ती दुसऱ्याच रुग्णालयात पडून असते, कधी या जगातच नसते. तिला दूध उतरायला काही दिवस लागतात आणि बाळाला तर थेंबाथेंबाने का होईना, पहिल्या दिवसापासून दूध हवे असते. ते मिळाले नाही की डब्याचे दूध येते. गाईच्या दुधापासून बनवलेली ही पावडर अपक्व आतड्यांना मानवत नाही. आतड्यांचा दाह होऊन त्यांचा भागच मृत होण्याचा जो घातक विकार या बालकांना होतो, त्याचा धोका मातेच्या दुधाने कमी होतो आणि पावडरने वाढतो. म्हणूनच आईचे दूध उपलब्ध नसेल तेव्हा कमी वजनाच्या बाळाला दुसऱ्या मातेने दान केलेले दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

ही व्यवस्था महाराष्ट्राला नवी नाही. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने महापालिकेच्या, म्हणजे गरिबांच्या रुग्णालयात हे काम उभे राहिले. त्याची पद्धत सरळ आहे. दान करणारी माता निरोगी असावी. एचआयव्ही, कावीळ ब, उपदंश यांची तपासणी झालेली असावी. तंबाखू, मिश्री, मद्य यांपासून ती दूर असावी. स्वच्छतेने काढलेले अनेक मातांचे दूध एकत्र करून ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवले जाते, जंतूंसाठी तपासले जाते आणि उणे २० अंशांवर गोठवून ठेवले जाते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते गरजू बाळाला मिळते. धाराऊंच्या काळी जे एका मातेच्या मांडीवर घडले, तेच येथे शास्त्राच्या शिस्तीत घडते.

मग अडते कोठे? दूध कमी पडते म्हणून अडत नाही. शहरातील कितीतरी घरांत बाळाचे पोट भरूनही पान्हा उरतो. दूध दाटून छातीत गाठी होतात, ताप येतो आणि नाइलाजाने दूध पिळून मोरीत सोडले जाते. एकीकडे मोरीत वाहणारे दूध आणि दुसरीकडे नळीतून पावडर घेणारे बाळ, हे अंतर काही मैलांचेच असते. सरकारी रुग्णालयांच्या दुग्धपेढ्यांत जमा होणारे दूध मुख्यतः तेथेच बाळंत झालेल्या मातांचे असते. त्या माता सुखवस्तू वस्त्यांतील नसतात. ज्यांच्या स्वतःच्या ताटात पुरेसे नसते त्या देतात आणि ज्यांच्या घरी डिंकाचे, अळिवाचे लाडू डबे भरून असतात, त्या घरांना असे काही देता येते हे ठाऊकही नसते. मातृत्वाचा गौरव करण्यात सर्वांत पुढे असणाऱ्या वर्गाने हा विरोधाभास एकदा डोळे उघडून पाहावा.

जेथे ठाऊक असते, तेथे शंका आडव्या येतात. पहिली शंका स्वतःच्या बाळाचे दूध कमी होईल ही. स्तन्याचा नियम झऱ्याच्या विहिरीसारखा आहे. जितका उपसा, तितका पाझर. बाळाचे पोट भरल्यावर उरलेले दूध काढल्याने दूध आटत नाही. साठून राहिल्याने मात्र आटते. आणि स्वतःच्या बाळाचा हक्क पहिला, हा दुग्धपेढीचाही पहिलाच नियम आहे.

दुसरी शंका दबक्या आवाजात विचारली जाते. दूध कोणाचे आणि जाणार कोणाला? या प्रश्नात आरोग्याची काळजी असेल तर तपासणी व तापवण्याची प्रक्रिया हे तिचे उत्तर आहे. परंतु बहुधा त्यात जात दडलेली असते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात धात्रीची निवड आणि दुधाची परीक्षा यांचा बारकाईने विचार आहे. शुद्ध दूध पाण्यात एकजीव होते, ही कसोटी तेथलीच. त्याच ठिकाणी धात्री समान वर्णाची असावी, अशीही अट आहे. पूर्वजांच्या निरीक्षणशक्तीपुढे नम्र व्हावे. परंतु त्यांच्या काळाची प्रत्येक अट डोक्यावर वाहणे म्हणजे परंपरेचा आदर नव्हे. मथुरेच्या राजकुळातील देवकीचा पुत्र गोकुळात यशोदेच्या मांडीवर वाढला, कार्तिकेयाला सहा कृत्तिकांनी पाजले, हीदेखील परंपराच आहे. समरसतेवर परिसंवाद घेणे सोपे असते. आपल्या सुनेचे दूध कोणत्या वस्तीतील बाळाच्या मुखी गेले हे न विचारणे आणि नातवावर वेळ आली तर कोणत्या मातेचे दूध आले हे न विचारणे, ही समरसतेची खरी परीक्षा होय. दुग्धपेढीच्या पात्रात अनेक मातांचे दूध एकत्र होते. तेथे जात वेगळी काढून दाखवणारे यंत्र अद्याप निघालेले नाही, निघूही नये.

समाज असा संकोचात उभा राहिला की मोकळ्या जागेत बाजार शिरतो. या बाजाराची चाल जुनी आहे. त्याने आधी डब्याच्या दुधाला आईच्या दुधाहून श्रेष्ठ ठरवण्याचा घाट घातला. त्याला आवरण्यासाठी भारताला १९९२ साली कायदा करावा लागला आणि २००३ साली तो अधिक कडक करावा लागला. आता आईचे दूध श्रेष्ठ हे सिद्ध झाल्यावर बाजाराने तेच विकायला काढले आहे. कंबोडियाच्या राजधानीत गरीब स्त्रियांचे दूध विकत घेऊन अमेरिकेत विकले जाऊ लागले, तेव्हा २०१७ साली त्या देशाने निर्यातीवर बंदी घातली. भारतातही बेंगळुरूच्या एका कंपनीला मातेच्या दुधाच्या उत्पादनांसाठी दुग्धपदार्थांच्या वर्गात परवाना मिळाला होता. तो २०२१ साली रद्द झाला, तर आयुर्वेदिक औषधाच्या नावाने दुसरा परवाना मिळवला गेला. पुढे तोही रद्द करण्यात आला. आयुर्वेदाचे नाव ज्यांना केवळ परवान्याची पळवाट म्हणून आठवते, त्यांच्याविषयी अधिक काय बोलावे? अखेर २४ मे २०२४ रोजी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने स्पष्ट केले की मातेच्या दुधावर प्रक्रिया करून ते विकण्यास कायद्यात परवानगी नाही.

यावर बाजाराचे कैवारी विचारतात, गरीब मातेला चार पैसे मिळाले तर बिघडले काय? बिघडते ते तिच्या बाळाचे. दुधाला भाव आला की घरच्या बाळाचा घोट मोजला जातो आणि बाटली भरावी म्हणून त्याला पाणी घातलेली पावडर पाजली जाते. विकणाऱ्या मातेला आजार लपवण्याचा मोह होतो, घेणाऱ्या व्यापाऱ्याला भेसळीचा. आणि महागलेले दूध जाते ते ऐपतदाराच्या बाळाकडे. महापालिकेच्या रुग्णालयातील पेटी रिकामीच राहते. शिवछत्रपतींनी धाराऊंच्या घराण्याचा सन्मान राखला, ती कृतज्ञता होती. कृतज्ञता आणि किंमत यांतील भेद ज्याला कळत नाही, त्याला आई या शब्दाचाही अर्थ कळलेला नाही.

दान पुरेसे पडणार नाही, हा आक्षेपही टिकणारा नाही. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर देशाच्या रक्तपेढ्या एके काळी अवलंबून होत्या. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. समाज हात आखडता घेऊन बसला नाही. गणेशोत्सवाच्या मंडपांत, शाळांत, कार्यालयांत रक्तदान शिबिरे भरू लागली आणि आज रक्तदान हा तरुणांच्या सार्वजनिक जीवनाचा सहज भाग झाला आहे. दुधाबाबतीत ब्राझीलने हेच केले. तेथे दोनशेहून अधिक दुग्धपेढ्यांचे जाळे आहे. राजधानीच्या प्रदेशात अग्निशमन दलाचे जवान मातांच्या घरी जाऊन दुधाच्या काचेच्या बरण्या गोळा करतात. त्या देशात वर्षभरात जितकी बालके जन्मतात, त्याहून अधिक भारतात केवळ अकाली जन्मतात. ज्या देशाला गोकुळ माहीत नाही त्याला हे साधले आणि गोकुळाच्या देशाला साधत नाही, याचा दोष परदेशी विचारांवर ढकलता येणार नाही.

केंद्र सरकारने २०१७ साली या केंद्रांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्यानुसार हे दूध रुग्णालयात दाखल बालकांना विनामूल्यच द्यायचे असते. शासनाचे काम शासनाने करावे, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अशी सोय व्हावी, याचा आग्रह धरलाच पाहिजे. परंतु माता शोधणे, तिच्या सासूची शंका दूर करणे, बरणी पेढीपर्यंत वेळेत व थंड पोहोचवणे ही कामे सरकारी परिपत्रकाने होत नाहीत. ती वस्तीत घरोघर परिचय असलेल्या कार्यकर्त्यांची आहेत. ज्या शाखेकडे रक्तदात्यांची यादी तयार असते, तिला जवळच्या दुग्धपेढीचा दूरध्वनी क्रमांक टिपून ठेवणे अवघड नाही. महिलांच्या मंडळांत, डोहाळजेवणाच्या, बारशाच्या निमित्ताने हा विषय निघू शकतो.

मात्र उत्साहाला विवेकाची जोड हवी. ओळखीपाळखीतून, तपासणीविना दुसऱ्याच्या बाळाला दूध देण्याचा प्रयोग कोणी करू नये; दान पेढीतूनच व्हावे. पहिला प्रयत्न बाळाच्या स्वतःच्या आईला दूध यावे, हाच असला पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात दहापैकी जवळजवळ नऊ बाळंतपणे रुग्णालयांत होतात, तरी जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतल्या जाणाऱ्या बाळांचे प्रमाण ४१.८ टक्केच आहे. तेथे डॉक्टर, परिचारिका आणि घरची वडीलधारी मंडळी सारेच कमी पडतात. आणि जिला दूध येत नाही, किंवा जिला देणे जमत नाही, तिला कोणी टोचून बोलू नये. सईबाईंना दूध आले नाही म्हणून इतिहासाने त्यांचे मातृत्व उणे मानलेले नाही.

कापूरहोळच्या त्या मातेने गडावर जाताना भाव विचारला नाही आणि व्याख्यानही दिले नाही. बाळ भुकेले आहे, एवढे तिला पुरेसे होते. आज महाराष्ट्रातील कितीतरी काचेच्या पेट्यांत तशीच बाळे भुकेली आहेत. त्यांची नावे इतिहासात नोंदवली जाणार नाहीत, त्यांच्यासाठी टाळ्याही वाजणार नाहीत. धाराऊंचे नाव घेण्याचा अधिकार मात्र त्यांच्या दारात सिद्ध करावा लागेल.